पदवी घ्या, पण पंगतीत बसू नका!

जून-जुलै महिना आला की आपल्या वस्त्यांमध्ये एकच धावपळ सुरू होते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीच्या फेऱ्या, जात पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेतला उतारा शोधणे, शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृहाची यादी. एवढे सारे करून मुलगा किंवा मुलगी शहरातल्या महाविद्यालयात जाते तेव्हा निरोप देताना आई-बाप एकच वाक्य सांगतात, ''बाळा, अभ्यास कर, बाकी कशात पडू नकोस.'' या सांगण्यात माया आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांची भीतीही आहे. पण हे 'बाकी' म्हणजे नेमके काय, याचा विचार आपण चळवळीतले लोक कधी करणार आहोत?

हे 'बाकी' म्हणजे स्नेहसंमेलन, युवक महोत्सव, वक्तृत्व स्पर्धा, नाटकाची तालीम, क्रिकेटचा संघ, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, वार्षिक अंकाचे संपादक मंडळ, विद्यार्थी परिषद, वसतिगृहाची खाणावळ आणि कॅन्टीनमधला चहा. वर्गात प्राध्यापक शिकवतात ते परीक्षेपुरते उपयोगी पडते. चार माणसांत उभे राहून बोलणे, हिशेब ठेवणे, सभा चालवणे, विरोधकाशी वाद घालून पुन्हा त्याच्याबरोबर जेवायला बसणे हे सारे वर्गाबाहेर शिकायला मिळते. प्रस्थापितांची मुले तिथेच पुढारी होतात, तिथेच त्यांच्या आयुष्यभराच्या ओळखी होतात. आणि आपल्या मुलाला आपण सांगतो, तिकडे फिरकू नकोस!

गावगाड्याचा नियम आठवून पाहा. महाराने शेतात राबावे, मेलेले ढोर ओढावे, सांगावा घेऊन दहा कोस जावे. याला कुणाची ना नव्हती. पण पाणवठ्यावर यायचे नाही, देवळात यायचे नाही, पंगतीत बसायचे नाही. काम चालते, सहवास चालत नाही. आजच्या विद्यापीठांत या नियमाची सुधारलेली आवृत्ती आहे. प्रवेश राज्यघटनेने दिला, तो नाकारता येत नाही. मग पदवी घ्या, पण पंगतीत बसू नका!

हा अनुभव बाबासाहेबांनी घेतला होता. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना तिथला हॉटेलवाला त्यांना चहा-पाणी देत नसे, असे चरित्रकार नोंदवतात. पुढे परदेशातून उच्च शिक्षण घेऊन १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा तिथल्या काही सहकारी प्राध्यापकांनी त्यांच्या पाण्याच्या माठाला हात लावण्यावर आक्षेप घेतला. विद्वत्ता मान्य, पण माठ बाटतो! याच्या उलट १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेल्यावर ते विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहिले, सर्वांबरोबर जेवले. तिथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी जमलेली मैत्री जन्मभर टिकली. १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा याच मित्राने पैशाची मदत केली. वसतिगृहातली ओळख माणसाला कुठे उपयोगी पडते, याचा याहून मोठा दाखला कोणता द्यावा?

म्हणूनच स्वतःच्या हाताने शिक्षणसंस्था उभारताना बाबासाहेबांनी वर्गाबाहेरच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष केले नाही. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्या मुलांसाठी तिथे सकाळचे वर्ग भरत. त्या सिद्धार्थमध्ये विद्यार्थ्यांची संसद होती. ज्यांच्या बापाला गावच्या चावडीवर चढता येत नव्हते, त्यांची मुले तिथे लोकशाहीचे कामकाज शिकत होती. देशाचे कायदामंत्री असलेले बाबासाहेब १९५० साली हिंदू कोड बिलावर बोलायला या विद्यार्थी संसदेत आले होते. विद्यार्थ्यांच्या उपक्रमाला पोरखेळ समजणारा नेता असे करील काय?

औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय १९५० साली सुरू झाले. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी खुद्द बाबासाहेबांसमोर केले. पुढे याच नागसेनवनात प्रा. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श'ची चळवळ वाढवली आणि मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून आलेली मुले लिहिती झाली. मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातल्या खोल्यांमधल्या रात्ररात्रीच्या चर्चांचे आणि १९७२ साली जन्मलेल्या दलित पँथरचे नाते सर्वांना माहीत आहे. २७ जुलै १९७८ चा नामांतराचा ठराव ते १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार ही सोळा वर्षांची लढाई वसतिगृहांतल्या मुलामुलींनी आघाडीवर राहून लढवली. आपल्या चळवळीचा निम्मा इतिहास महाविद्यालयाच्या आवारात घडला आहे. 'बाकी कशात पडू नकोस' हे त्या पिढीने ऐकले असते तर?

आता आजचे चित्र पाहू. मुलगा वसतिगृहात पाऊल टाकतो आणि पहिला प्रश्न येतो, ''आडनाव काय?'' आडनावावरून पत्ता लागला नाही तर दुसरा प्रश्न, ''रँक किती? कोणत्या कॅटेगरीतून?'' त्यानंतर कोणी शिवी देत नाही, कोणी हात उगारत नाही. फक्त जेवणाच्या टेबलावरचे बोलणे थांबते, सहलीचा निरोप याला पोचत नाही, संघ निवडताना नाव राहून जाते, नाटकात भूमिका मिळते ती नोकराची. वकील म्हणून माझ्याकडे अशा तक्रारी घेऊन मुले येतात तेव्हा आधी संकोचाने म्हणतात, ''सर, तसे काही घडले नाही, पण...'' या 'पण'मध्ये सारे आले. घडलेल्या गोष्टीचा पंचनामा होतो. न घडलेल्या गोष्टीचा, न आलेल्या बोलावण्याचा पंचनामा कोण करणार?

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. २००७ साली आलेल्या तिच्या अहवालाने वसतिगृहातली वेगळी वस्ती, खाणावळीतला दुरावा, खेळ आणि सांस्कृतिक कार्यक्रमांतून दूर ठेवणे हे सारे नोंदवले. देशातले सर्वांत हुशार समजले जाणारे विद्यार्थी गावकुसाची रेघ मजल्यामजल्यावर ओढत होते! २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत खाणावळीत शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबले राखली गेली आणि त्याला विरोध करणाऱ्या एका विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. पंगत मोडली म्हणून दंड! हा दंड गावकीने केला असता तर आपण लगेच ओळखला असता.

आणि हैदराबाद केंद्रीय विद्यापीठ. रोहित वेमुला आणि त्याच्या चार सहकाऱ्यांवर डिसेंबर २०१५ मध्ये झालेली कारवाई कायद्याच्या विद्यार्थ्याने नीट वाचावी अशी आहे. त्यांचे संशोधन बंद केले नव्हते. बंद केले होते वसतिगृह, प्रशासकीय इमारत, सार्वजनिक जागी एकत्र जमणे आणि विद्यार्थी संघटनेची निवडणूक. म्हणजे अभ्यास करा, पण माणसांत येऊ नका. त्या पाच जणांनी उघड्यावर तंबू ठोकला आणि त्याला नाव दिले 'वेलिवाडा'. तेलुगूत वेलिवाडा म्हणजे गावाबाहेरची आपली वस्ती. शिक्षेचे खरे स्वरूप त्यांनी एका शब्दात सांगितले. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. माणूस पुस्तकाअभावी मरत नाही, सहवास तोडला की आतून खचतो.

कायदा याबाबत मुका नाही. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळण्यास बंदी केली आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली झालेल्या आणि २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीवर किंवा समूहावर सामाजिक बहिष्कार टाकणे, तशी धमकी देणे हा स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरवला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समानताविषयक विनियमांनी प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा असे सांगितले. त्यांची अंमलबजावणी होत नाही म्हणून रोहित आणि पायल यांच्या माता २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवे विनियम आणले, त्याविरुद्ध ओरड झाली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती देऊन तोवर २०१२ चेच विनियम लागू राहतील असे सांगितले. दोन आयांनी मागितलेला न्याय किती लांब आहे, ते यावरून कळते.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थी परिषदेचीही हीच गत. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका संपवून गुणवत्तेच्या नावाखाली नेमणुका आणल्या. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणूक पुन्हा मान्य केली. त्यात अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त आणि इतर मागासवर्गीयांसाठी आळीपाळीने एक प्रतिनिधीही ठेवला. २०१९ साली निवडणुकांचे वेळापत्रक निघाले आणि त्या पुढे ढकलल्या गेल्या. मतपेटी विद्यार्थ्यांच्या हातात द्यायला सरकार इतके का घाबरते?

पण सारा दोष दुसऱ्याच्या पदरात टाकून चालणार नाही. आपली महाविद्यालयीन चळवळ १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दोन तारखांत अडकली आहे. जयंतीला वर्गणी, मिरवणूक, डीजे. नंतर वर्षभर सामसूम. जितके रिपब्लिकन गट तितक्या विद्यार्थी संघटना. एका वसतिगृहात तीन फलक आणि तीनही फलकांखाली मिळून मुले तीसच! बौद्ध मुलांनी मातंग, चर्मकार, आदिवासी, भटक्या, ओबीसी, मुसलमान मुलांना सोबत घेतले आहे, असे चित्र फार थोड्या ठिकाणी दिसते. आणि मुली? सतरंजी अंथरायला, स्वागतगीताला, पुष्पगुच्छ द्यायला मुली. अध्यक्ष मात्र दरवर्षी मुलगाच. सावित्रीमाईंचे नाव घेणाऱ्यांना हे शोभते काय?

आई-बापाच्या भीतीलाही उत्तर दिले पाहिजे. पोराच्या नावावर गुन्हा दाखल झाला तर सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत अडचण येईल, ही भीती खोटी नाही. म्हणूनच कायद्याने चालावे. जे मागायचे ते लेखी मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, ती प्रत जपून ठेवा. तोंडी नकार आला तर लेखी नकार मागा. प्रवेशाच्या पावतीवर स्नेहसंमेलन, क्रीडा, विद्यार्थी कल्याण अशी सदरे असतात. हा पैसा सर्वांचा असतो, तेव्हा तो कुणावर खर्च झाला हे विचारण्याचा हक्कही सर्वांचा आहे. दहा रुपयांत माहितीच्या अधिकाराचा अर्ज करता येतो. समान संधी कक्ष आहे काय, त्याच्याकडे किती तक्रारी आल्या, सांस्कृतिक समितीवर कोण आहे, हे विचारा. तीस दिवसांत उत्तर देणे सरकारी विद्यापीठाला बंधनकारक आहे. यात लफडे कुठे आले?

समाजातल्या नोकरदार आणि वकील मंडळींनाही एक विनंती. प्रत्येक तालुक्यात आपले चार शिकलेले लोक तरी आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार जवळच्या वसतिगृहात जावे. भाषण ठोकायला जाऊ नये, मुलांचे ऐकायला जावे. वक्तृत्व स्पर्धेला जाणाऱ्या मुलीचे प्रवासभाडे भरावे, नाटकाच्या कपडेपटाला मदत करावी, तक्रार लिहायला शिकवावे. शिष्यवृत्ती सहा-सहा महिने रखडते तेव्हा सहलीचे पैसे नसलेले मूल 'मला आवड नाही' असे सांगून खोलीत बसते. ते खरे बोलत नसते, हे आपल्याला कळले पाहिजे. जयंतीच्या डीजेचा खर्च एक वर्ष या कामी लावून पाहा.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला एवढेच सांगणे आहे. प्रथम श्रेणी मिळवा, त्यात तडजोड नको. पण यंदा सूचना फलकावर स्पर्धेची, शिबिराची, अंकाची, समितीची जी पहिली सूचना लागेल तिथे आपले नाव स्वतःच्या अक्षरात, पूर्ण आडनावासकट लिहून या. शेजारी बसलेल्या वेगळ्या जातीच्या, वेगळ्या धर्माच्या मुलाचेही नाव लिहायला लावा. स्वातंत्र्य आणि समता न्यायालयात मागता येते. बंधुता एकत्र बसून, एकत्र जेवून, एकत्र काम करूनच येते. तिच्यासाठी विद्यापीठाच्या आवाराइतकी चांगली जागा दुसरी नाही, आणि ती जागा आपलीही आहे.

जयभीम!