नऊ मुलं, नऊ लग्नं आणि तुटलेली सोयरीक

काळा घोडा फेस्टिव्हलला गेला असाल, तर तिथल्या घोड्यासोबत एक तरी सेल्फी काढलाच असेल. २०१७ मध्ये बसवलेल्या या घोड्यावर स्वार नाही. पण ज्या मूळ पुतळ्यामुळे या भागाला हे नाव पडलं, त्यावर एक राजपुत्र बसलाय. तो पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला आणि आता तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. हा स्वार म्हणजे पुढे राजा झालेला सातवा एडवर्ड. घरच्यांसाठी नुसता ‘बर्टी’. राणी व्हिक्टोरियाच्या नऊ मुलांपैकी दुसरा.

या नऊही भावंडांची लग्नं झाली. ती कशी ठरली हे वाचायला घेतलं, आणि वेब सीरिज बघून डोक्यात बसलेलं राजेशाही लग्नाचं ग्लॅमर भराभर उतरत गेलं.

आपल्याकडे मोठी माणसं म्हणतात ना, सोयरीक झाली की दोन घरं जोडली जातात. राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याला तर दोन देश जोडायचे होते. थोरली मुलगी विकी हिला प्रशियाच्या राजपुत्राने, फ्रेडरिकने, मागणी घातली तेव्हा ती फक्त १४ वर्षांची होती. १८५८ मध्ये, सतराव्या वर्षी लग्न होऊन ती बर्लिनला गेली. विकी तिकडे गेली की प्रशिया इंग्लंडसारखा उदारमतवादी होईल, अशी बापाची आशा. म्हणजे सासरी नांदायचं आणि सासरचा देशही सुधारायचा!

मग बर्टीसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. मुलगी शोधण्यात पुढाकार कुणाचा? विकीचाच. तिने डेन्मार्कची अलेक्झांड्रा सुचवली, दोघांची भेट घडवून आणली आणि १८६३ मध्ये विंडसरला लग्न झालं. नणंद-भावजय खूश. पण वर्षभरातच, १८६४ मध्ये, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने डेन्मार्कवर हल्ला करून श्लेस्विग आणि होलस्टाइन हे प्रांत काढून घेतले. विकीचा नवरा प्रशियाच्या सैन्यात आणि मार खात होतं ते अलेक्झांड्राचं माहेर. अलेक्झांड्राने प्रशियाला कधीच माफ केलं नाही.

एवढ्यावरच थांबलं नाही. तिसरी ॲलिस. तिचं लग्न १८६२ मध्ये जर्मनीतल्या हेसच्या लुईशी झालं. वडिलांना जाऊन सात महिनेही झाले नव्हते. त्यामुळे ऑस्बोर्न हाऊसच्या जेवणाच्या खोलीत, सुतकी वातावरणात सगळं उरकलं. चार वर्षांनी, १८६६ मध्ये, प्रशिया आणि ऑस्ट्रियाच एकमेकांवर उलटले. हेस ऑस्ट्रियाच्या बाजूने उतरलं. म्हणजे विकी आणि ॲलिस या सख्ख्या बहिणींचे नवरे समोरासमोरच्या सैन्यांत. त्याच जुलैमध्ये ॲलिसला मुलगी झाली. तिने नाव ठेवलं आयरीन. ग्रीक भाषेत याचा अर्थ शांती.

आणि त्याच महिन्यात इकडे विंडसरला पाचव्या हेलेनाचं लग्न लागत होतं. नवरदेव कुठल्या घराण्यातला? श्लेस्विग-होलस्टाइनच्या! डेन्मार्ककडून गेलेल्या त्याच प्रांतांवर हक्क सांगणारं घराणं. अलेक्झांड्राला काय वाटलं असेल, विचार करा.

घरातल्या या भांडणांना शेवटी राणीही कंटाळली. परदेशी सोयरिकींचा त्रासच जास्त, असं तिने बर्टीला पत्रात लिहिलं. म्हणूनच १८७१ मध्ये सहावी लुईस एका ब्रिटिश सरदारपुत्राशी, लॉर्नशी, लग्न करू शकली. राणीच्या मुलीने प्रजेतल्या माणसाशी लग्न करणं ही तेव्हा मोठीच बातमी होती.

पण मला सगळ्यात जवळची वाटली ती शेंडेफळ बिआट्रिस. वडील गेले तेव्हा ती चार वर्षांची होती. हिने लग्न करायचं नाही, आपल्यासोबतच राहायचं, हे आईने गृहीत धरलेलं. १८८४ मध्ये बिआट्रिस एका लग्नाला जर्मनीत गेली आणि तिथे हेन्री बॅटनबर्गच्या प्रेमात पडली. परत येऊन आईला सांगितलं. त्यावर आईने चक्क बोलणंच टाकलं! एक-दोन दिवस नाही, मे ते नोव्हेंबर. काही सांगायचं असेल तर चिठ्ठी. आजच्या भाषेत सायलेंट ट्रीटमेंट. समोर २७ वर्षांची मुलगी आणि अर्ध्या जगावर राज्य करणारी आई. पण ती मागे हटली नाही. शेवटी राणीच नमली, एका अटीवर. जावयाने घरजावई व्हायचं. त्याने सैन्यातली नोकरी सोडली आणि जुलै १८८५ मध्ये लग्न झालं.

दहा वर्षं राणीसोबत राहून हेन्री कंटाळला, हट्टाने आफ्रिकेच्या मोहिमेवर गेला आणि जानेवारी १८९६ मध्ये परतताना बोटीवर मलेरियाने वारला. बिआट्रिसच्या पदरात चार मुलं.

१९०१ मध्ये राणी गेली, तेव्हा अखेरच्या क्षणी तिला हाताचा आधार द्यायला विकीचा मुलगा होता. जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म. आजीवर त्याचा खरंच जीव होता. पण १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं आणि त्याचं सैन्य मामाच्या देशाविरुद्ध उभं राहिलं. तोवर मामा बर्टी वारला होता, इंग्लंडच्या गादीवर मामेभाऊ पाचवा जॉर्ज होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, बेल्जियममध्ये ईप्रजवळ, ब्रिटिश सैन्यातला २३ वर्षांचा एक अधिकारी मारला गेला. मॉरिस बॅटनबर्ग. बिआट्रिसचा धाकटा मुलगा, विल्हेल्मचा सख्खा मावसभाऊ.

मॉरिस माझ्याहून एका वर्षाने मोठा होता. युरोपात शांतता नांदावी म्हणून जोडलेल्या नात्यांमधला हा पोरगा.

पुढच्या वेळी राणीच्या बागेत गेलात, तर पेंग्विन बघून झाल्यावर त्या घोडेस्वाराकडेही एक चक्कर मारा. तो कोण आणि त्याच्या घरात काय काय घडलं, हे आता तुम्हाला माहिती आहे.