केर्न टेरियर : मूर्ती लहान, उद्योग फार

केर्न टेरियर ही स्कॉटलंडच्या हायलँड्स आणि स्काय बेटावरची जुनी कामकरी जात. दगडांच्या राशींत दडलेले कोल्हे, पाणमांजरं, उंदीर हुडकून बाहेर काढणं हे तिचं मूळ काम. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) या चित्रपटातला टोटो म्हणजे याच जातीची टेरी नावाची कुत्री.

उंची साधारण २८ ते ३१ सेंटिमीटर, वजन ६ ते ७.५ किलो. आयुष्य बहुधा १३ ते १५ वर्षं. स्वभाव आनंदी, धीट आणि चौकस. माणसांचा लळा पटकन लागतो. पण शिकारी रक्त लपत नाही. कुंड्या उकरणं, बारीकसारीक आवाजावर भुंकणं आणि मांजर किंवा खार दिसली की सुसाट धावणं ठरलेलंच. म्हणून बाहेर नेताना पट्टा हवाच. शिकवलेलं चटकन समजतं, मात्र मनात असेल तरच हे कुत्रं ऐकतं! ओरडण्यापेक्षा खाऊ आणि कौतुक जास्त उपयोगी पडतं.

रोज तासभर फिरणं-खेळणं मिळालं तर फ्लॅटमध्येही ते मजेत राहतं. अंगावर दुहेरी केस असतात. बाहेरचे राठ, आतले मऊ. आठवड्यातून एकदा-दोनदा विंचरावं आणि उन्हाळ्यात सकाळी लवकरच फिरवावं. यकृताच्या रक्तवाहिनीतला जन्मजात दोष काही पिल्लांत आढळतो, त्यामुळे घेण्यापूर्वी पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी.

शाळकरी मुलांच्या, हालत्या-चालत्या घराला हा सोबती शोभतो. दिवसभर घर बंद राहणार असेल, तर मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये.