चार टनांचा नट

छोट्या मोटारीचं चाक ज्या बोल्टवर बसतं, तो जेमतेम 12 मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावरचा नट साधारण 100 न्यूटन मीटरला आवळला (नेमका आकडा गाडीगणिक वेगळा, तो पुस्तिकेत बघावा) की त्या एका बोल्टवर सव्वाचार टन वजनाएवढी ओढ येते. चाकाला चार नट धरले तर चाक हबवर 17 टनांनी दाबलं जातं. अख्खी गाडी भरते एक टनाच्या आतबाहेर!

हे टन येतात कुठून? नट फिरतो तसा बोल्ट ताणला जातो आणि ताणलेलं पोलाद पुन्हा आखडायला बघतं. हे ताणणं असतं सुमारे 0.07 मिलिमीटर, डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीइतकं. आपण लावलेल्या जोरातला फार थोडा भाग तिथवर पोचतो. ढोबळमानाने 50 टक्के नटाखालच्या घर्षणात जातो, 40 टक्के आट्यांमध्ये, आणि ताणायला उरतात 10. म्हणूनच आट्यांना तेल लावायचं नसतं. घर्षण पाव हिश्शाने घटलं, तरी त्याच 100 न्यूटन मीटरला ओढ साडेपाच टनांच्या घरात जाते.

फूटभर पान्याच्या टोकाला एवढं आवळायला 34 किलोंचा जोर पुरतो. प्रत्यक्षात रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानात पोरगा पान्यावर पाय देऊन उभा राहतो आणि वर दोनदा उसळतो. 70 किलोंचा माणूस नुसता उभा राहिला तरी 200 न्यूटन मीटर होतात. त्यात बोल्ट कायमचा लांबू शकतो. तो बाहेरून घट्टच दिसतो, याची मला खरी भीती वाटते.

आता हेच पुण्याच्या मापाने बघा. मार्च 2018 अखेर शहरातल्या वाहनांनी लोकसंख्येला मागे टाकल्याची बातमी गाजली, तेव्हा त्यात मोटारीच जवळपास साडेसहा लाख होत्या. चाकामागे चारच नट धरले तरी एक कोटीच्या वर नट झाले आणि त्यांची एकूण ओढ 4 कोटी 40 लाख टनांच्या घरात गेली. काठोकाठ भरलेल्या खडकवासला धरणात वापरायचं पाणी असतं 1.97 टीएमसी, म्हणजे साडेपाच कोटी टनांहून थोडं जास्त. पाऊण खडकवासल्याहून जास्त भार पुण्याच्या नटांनी पेललेला होता!

नट सोडवताना हँडब्रेक ओढून, चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा आटा ढिला करावा, जॅक त्यानंतर. सोडवायला खरं तर आवळण्याच्या 80 टक्केच जोर लागायला हवा, कारण आट्यांचा उतार आता आपल्या बाजूने असतो. त्याहून फार जास्त लागला, तर एक तर गंज चढलाय, नाही तर मागच्या खेपेला कुणीतरी बेसुमार आवळलंय. बसवताना सगळे नट आधी बोटांनी फिरवायचे, मग समोरासमोरचे पाळीपाळीने आवळत जायचे. शेवटचा जोर गाडी खाली उतरवून, टॉर्क रेंच ‘टक’ करेपर्यंत.

पुढच्या 50 ते 100 किलोमीटरमध्ये नट पुन्हा एकदा तपासावेत. चाक आणि हब यांच्यामधला रंग, धूळ, गंज दाबला जातो आणि केसभर ताणातला काही हिस्सा तिथे सुटतो. पुण्याहून लोणावळा 65 किलोमीटर. तेवढ्यात चाक 33 हजार वेळा फिरलेलं असतं.