आवाजाच्या क्लिप तपासताना ‘होय’ कधी दाबायचं आणि ‘नाही’ कधी?

फोनला मराठीत काही विचारलं आणि त्याने भलतंच टाइप केलं, हा अनुभव तुम्हालाही आला असेल. मशीनला भाषा शिकवायला माणसांनी बोललेल्या आणि माणसांनीच तपासलेल्या क्लिप लागतात. मी रहाटणीत राहतो आणि रिकाम्या वेळात मोबाईलवर हेच तपासायचं काम करतो. ते कसं करायचं, ते पाहूया.

टूल कोणतं?

मोझिलाचा ‘कॉमन व्हॉइस’ हा प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला. ब्राउझरमध्ये साइट उघडा, मराठी भाषा निवडा आणि ऐकण्याच्या विभागात जा. समोर एक वाक्य दिसतं. प्लेचं बटण दाबलं की कोणीतरी ते वाचलेलं ऐकू येतं. लिहिलंय तेच वाचलंय का, एवढंच तुम्ही ठरवायचं. दोन जणांनी ‘होय’ म्हटलं की क्लिप पक्क्या यादीत जाते, दोघांनी ‘नाही’ म्हटलं तर बाद होते. ठरवता येत नसेल तर सरळ स्किप करा. हा सगळा डेटा सीसी-झिरो परवान्याखाली आहे, म्हणजे मोठ्या कंपनीपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत कोणीही तो वापरू शकतो.

‘नाही’ कधी?

- शब्द गाळला, बदलला किंवा जास्तीचा घातला. वाक्य ‘मला जायचे आहे’ असेल आणि वाचणारा ‘मला जायचंय’ म्हणाला, तरी ‘नाही’च. अर्थ तोच असला तरी शब्द वेगळे झाले.
- सुरुवात किंवा शेवट कापला गेला.
- मागे टीव्ही किंवा दुसऱ्या माणसाचे शब्द स्पष्ट ऐकू येतात.

नुसता गोंगाट असेल तर क्लिप बाद करू नका. कोकणे चौकातला हॉर्न मागे वाजतोय, पण प्रत्येक शब्द कळतोय? मग ‘होय’. फोन तरी कुठे शांत खोलीत वापरला जातो?

खरी परीक्षा उच्चारांची

आमच्याकडे पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कंपन्यांत कामाला विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून माणसं येतात. कोणी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतं, कोणी ‘डोळा’ला ‘डोया’. शब्द तोच, वाचणाऱ्याची बोली वेगळी. अशा क्लिपला ‘होय’ द्यायचं.

‘हे शुद्ध नाही’ म्हणून आपण त्या बाद करत गेलो, तर मशीनच्या कानावर एकाच पद्धतीची मराठी पडेल. उद्या बँकेचं किंवा दवाखान्याचं काम आवाजावर चालायला लागलं, तर वऱ्हाडी बोलणाऱ्या मावशींना मशीन पुन्हा पुन्हा ‘समजलं नाही’ म्हणेल. चूक मशीनची दिसेल, पण ती ‘नाही’ दाबणाऱ्या बोटापासून सुरू झालेली असेल. म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न एकच: शब्द बदलला की फक्त उच्चार?

दोन सवयी

हेडफोन लावा, आणि क्लिप शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय बटण दाबू नका. घोळ शेवटच्या शब्दातही असू शकतो. सरकारच्या ‘भाषिणी’ उपक्रमातल्या ‘भाषादान’मध्येही ‘सुनो इंडिया’ असा ऐकण्याचा विभाग आहे, तोही बघा. आणि तुमच्या गावची बोली वेगळी असेल, तर नुसतं ऐकू नका, चार वाक्यं स्वतःच्या आवाजात रेकॉर्डही करा.