जुन्या जीपची ठिणगी

महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्या घराण्यातल्या पेट्रोल जीप आपल्या जंगलवाटांवरही पुष्कळ धावल्या. मग डिझेलचा जमाना आला. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. पण कुणी जुनी पेट्रोल जीप अजून जिवाभावाने सांभाळली असेल, तर तिची अर्धी दुखणी ठिणगीचीच असतात. आम्ही कवी मंडळी ठिणगीवर बरंच लिहितो. ती पडते कशी, हे मात्र मिस्त्रीला विचारावं.

बॅटरीचा करंट कॉइलमधून पॉइंटपर्यंत येतो. डिस्ट्रिब्यूटरमधला कॅम फिरला की पॉइंट उघडतात, करंट तुटतो आणि त्या तुटण्याच्या क्षणीच कॉइलच्या दुसऱ्या वेढ्यात हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. तोच प्लगवर ठिणगी पाडतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर पॉइंट मिनिटाला ४००० वेळा उघडतात. झिजणारच ते.

गाडी बंद पडली की पहिला प्रश्न एकच: करंट येतो का? प्लग काढून पुन्हा त्याच्या वायरीला लावा, त्याची बॉडी इंजिनाला टेकवून ठेवा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. प्लग मोकळ्या भोकापासून लांब हवा, आसपास पेट्रोल सांडलेलं नको, वायर हातात धरायची नाही. निळी, कडक ठिणगी पडली तर दोष बहुधा पेट्रोलच्या बाजूला. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर गेला की पाइपातच पेट्रोलची वाफ होते अन् गाडी थांबते. लोक उगाच पॉइंट घासत बसतात! पंपावर ओलं फडकं ठेवा, थोडं थांबा. तापलेली कॉइलही अशीच दगा देते, पण तेव्हा ठिणगी पिवळी, मरगळलेली असते किंवा नसतेच.

ठिणगी कमजोर असेल तर डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडा. पावसाळ्यात आत ओल धरते. कोरड्या कापडाने पुसलं तरी पुष्कळदा काम भागतं. पॉइंटला खड्डे पडले असतील तर कंडेन्सरही बदला, नाहीतर नवे पॉइंटही लवकर जळतील. विलीजला फट ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. फट हलली की टायमिंग हलतं. म्हणून आधी फट, मग टायमिंग.

आता पॉइंटच्या जागी चुंबकावर चालणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवता येतं. झीज नाही, फट लावणं नाही. घेताना बॅटरी ६ व्होल्टची की १२ची, आणि अर्थ कुठल्या टोकाला, हे पाहून घ्या. उलट जोडलं तर जळतं. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवू नका.

गावात फिरणाऱ्या गाडीला ते जरूर बसवा. आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्याने मात्र विचार करावा. पॉइंट बिघडण्याआधी सांगतात, गाडी मिसिंग करते, सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. मॉड्यूल बहुधा न सांगता जातं आणि झाडाखाली बसून दुरुस्त होत नाही. पर्लकोटेचं पाणी चढत असताना जंगलात अडकणं बरं नव्हे. म्हणून काढलेले पॉइंट, कंडेन्सर, फीलर गेज आणि पेचकस गाडीतच ठेवा, अन् ते परत बसवण्याची रंगीत तालीम एकदा घरच्या अंगणात, उजेडी करून घ्या.