मुखपृष्ठापलीकडे : मावळातील शेतमाल व शेतावरील पर्यटन यांची ऑनलाइन ओळख

मावळ तालुका हा भाताचा व पावसाचा प्रदेश होय. पुणे व मुंबई या दोन महानगरांच्या दरम्यान तो वसलेला असून लोहमार्ग, जुना महामार्ग व द्रुतगती मार्ग हे तिन्ही त्यातून जातात. लोणावळा, कार्ले, भाजे व पवना जलाशय येथे प्रवाशांची रीघ असते. जुलै २०२५ मध्ये लोहगडाचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. असे असूनही शेतावर पाहुण्यांची सोय करणारा अथवा इंद्रायणी तांदूळ पिकविणारा शेतकरी दारावरून जाणाऱ्या गिऱ्हाइकास दिसत नाही. म्हणून कित्येकजण संकेतस्थळ तयार करवून घेतात. मुखपृष्ठावर सूर्योदयाचे चित्र व ‘आपले स्वागत आहे’ ही अक्षरे झळकली की काम संपले, असा समज होतो. वस्तुतः तेथे कामास केवळ आरंभ झालेला असतो.

गिऱ्हाईक सहसा मुखपृष्ठावरून येत नाही. कामशेतजवळ गाडी थांबवून प्रवासी भ्रमणध्वनीवर ‘जवळपास इंद्रायणी तांदूळ’ एवढेच विचारतो व नकाशावर जी नावे दिसतील त्यांतून एक निवडतो. यास्तव गूगल नकाशावरील व्यवसाय-नोंद ही पहिली गरज होय. तीस शुल्क पडत नाही. व्यवसायाचे नाव, प्रकार, वेळ व दूरध्वनी क्रमांक भरून मालकी पडताळून घ्यावी लागते. पुष्कळदा त्याकरिता जागेचे चलच्चित्र मागितले जाते. स्थानाची खूण गावाच्या मध्यावर न ठेवता शेताच्या फाटकावरच ठेवावी. पवनेच्या काठी ही चूक विशेष महागात पडते, कारण समोरचा तीर डोळ्यांस जवळ दिसला तरी रस्त्याने तेथे पोहोचण्यास मोठा वळसा पडतो, आणि रात्री वाट चुकलेला पाहुणा पुन्हा येत नाही.

नोंद बेवारस सोडणे त्याहूनही धोक्याचे आहे. नकाशावरील माहितीत दुरुस्ती सुचविण्याची मुभा कोणासही असते. मालकाचे लक्ष नसल्यास त्याच्या नावापुढे भलत्याचाच क्रमांक लागू शकतो. मग आगाऊ रक्कम भामट्याकडे जाते आणि जाब मात्र शेतकऱ्यास द्यावा लागतो. म्हणून आपली नोंद आठवड्यातून एकदा परक्याच्या भ्रमणध्वनीवरून उघडून पाहावी.

संकेतस्थळाच्या आतील पानांकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, पण खरी विक्री तीच पाने करतात. प्रत्येक मालास स्वतंत्र पान असावे. ‘उत्तम तांदूळ मिळेल’ या वाक्याने काहीच कळत नाही. इंद्रायणी हा वाण वडगाव मावळ येथील संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसारित झाला, त्यात आंबेमोहराचा अंश आहे, त्याचा भात सुवासिक व किंचित चिकट होतो, नव्या तांदळास पाणी कमी व जुन्यास अधिक लागते, ही माहिती शहरातील गृहिणीस हवी असते. त्यासोबत पीक कोणत्या हंगामाचे, पॉलिश किती, पिशवीचे वजन व घरपोच दर हेही लिहावे. गावाचे व मालाचे नाव देवनागरीत व रोमन लिपीत असे दोन्ही प्रकारे द्यावे. शोधणारे दोन्ही रीतींनी शोधतात. हीच यादी व्हॉट्सॲप बिझनेसच्या मालसूचीतही घालावी. दोन ठिकाणी दोन दर मात्र दिसू नयेत.

मुक्कामाच्या पानावर शौचालय, जेवण, पावसाळ्यातील रस्ता व भ्रमणध्वनीची रेंज यांविषयी खरे तेच लिहावे. दुसऱ्याच्या धबधब्याचे चित्र आपल्या पानावर लावण्याची खोड सर्वस्वी त्याज्य आहे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील प्रवाहात एकाच कुटुंबातील पाचजण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथील इंद्रायणीवरचा पूल कोसळून चौघे दगावले. चित्र पाहून येणारा शहरी पाहुणा पाण्याचा वेग जाणत नाही. बंदी आदेश लागू होताच ती सूचना छायाचित्राच्याही वर दिसली पाहिजे, मग दोन दिवसांचे गिऱ्हाईक बुडाले तरी चालेल.

अभिप्राय विकत घेऊ नयेत. ऑनलाइन अभिप्रायांसाठी आय. एस. १९०००:२०२२ हे भारतीय मानक आहे, आणि तसेही एकाच दिवशी आलेली दहा स्तुतिपत्रे वाचणाऱ्यास लगेच ओळखू येतात. तक्रार आल्यास ती न पुसता दोन ओळींत सभ्य उत्तर द्यावे.

फुकट जागा ही खंडाने घेतलेल्या शेतासारखी असते. गूगलने व्यवसाय-नोंदीसोबत दिलेली मोफत संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद झाली व त्यांवर विसंबलेल्यांची पाने गेली. स्वतःचे संकेतनाव घ्यावे, ते ‘.भारत’ या शेपटासह देवनागरीतही मिळते. ते शेतकऱ्याच्याच नावे व त्याच्याच ई-मेलवर नोंदले आहे ना, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आवर्जून पाहावे. पुष्कळ ठिकाणी ते संकेतस्थळ बनविणाऱ्याच्या नावे निघते व नूतनीकरणाच्या वेळी त्याचा पत्ता लागत नाही. नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.