वकिलाविरुद्ध तक्रार: 'गैरवर्तन' म्हणजे काय?

अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 35 मध्ये 'व्यावसायिक किंवा इतर गैरवर्तन' असे शब्द आहेत. मात्र त्यांची व्याख्या दिलेली नाही. त्यामुळे गैरवर्तन झाले की नाही, हे प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीवरून ठरते. उदाहरणार्थ, फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये स्पष्ट केले.

तक्रार कोठे व कशी करावी?
वकिलाची नोंदणी असलेल्या राज्याच्या बार कौन्सिलकडे लेखी तक्रार करा. केवळ 'गैरवर्तन केले' असे न लिहिता घटना, तारखा, दिलेली रक्कम नमूद करून पावत्या जोडा.

पुढे काय होते?
दोष सिद्ध झाल्यास शिस्तपालन समिती ताकीद देऊ शकते, वकिली ठरावीक काळ थांबवू शकते किंवा नोंदणी रद्द करू शकते. आदेश मान्य नसल्यास तो कळवल्यापासून 60 दिवसांत भारतीय बार कौन्सिलकडे अपील करता येते.